मापापुरता माणूस

आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात पुस्तकांचे एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी पूर्वी एक चित्र चिकटवून ठेवले आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, एका कोपऱ्याला झुरळांनी कुरतडले आहे. चित्र चैत्यगृहाच्या आतले आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर होडी पालथी घातल्यासारखे छत, आणि अगदी शेवटी अंधारात स्तूप. एकोणिसाव्या शतकात साहेब लोकांनी आपल्याकडच्या लेण्यांची जी चित्रे काढली, छापली आणि विलायतेला नेली, त्या पिढीतले ते चित्र. डावीकडच्या एका खांबाशी एक माणूस उभा आहे. डोक्याला फडके, अंग उघडे, हातात काठी. तोंड दिसत नाही. बोटाच्या पेराएवढाही नसेल.

सरांनी एकदा कपाट उघडून ते चित्र वर्गाला दाखवले आणि विचारले, "हा माणूस इथे कशाला आहे?" कुणी म्हणाले राखणदार, कुणी म्हणाले पुजारी. सर हसले. "मापासाठी," ते म्हणाले. "तो नसता तर खांब किती उंच आहे ते तुम्हाला कळले असते का?"

उत्तर बरोबर होते. वर्ग पुढे गेला, चैत्य आणि विहार यांतील फरक आम्ही वहीत उतरून घेतला. माझे मन मात्र त्या खांबाशीच अडकून राहिले. कारण तो माणूस माझ्या आजासारखा दिसत होता. डोक्याचे फडके तसेच, काठी धरण्याची रीत तशीच. आणि माझा आजा कशाच्या तरी मापासाठी उभा आहे ही कल्पना मला काही केल्या पचेना. या लेखात त्याच एका गोष्टीविषयी लिहावे असे मनात आहे. प्राध्यापकांना माझे म्हणणे थोडे आगाऊपणाचे वाटेल, त्यांनी ते पोटात घालावे.

आधी थोडा इतिहास. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि लगेच १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा घोडदळातील अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या दरीत उतरला. अजिंठ्याची लेणी त्याला 'सापडली' असे आपण म्हणतो. अजिंठा निजामाच्या हद्दीत, पण खानदेशाच्या अगदी उंबऱ्यावर. त्या काळी तिकडे जाणे सोपे नव्हते. १८२४ साली अलेक्झांडर नावाचा एक लष्करी अधिकारी तेथे गेला, त्याला वाटेत वाघांचे आणि भिल्लांचे भय घालण्यात आले होते. वाघ आणि भिल्ल एका दमात! पुढच्याच वर्षी औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभारायला घेतली. म्हणजे ज्यांच्या भयाने वाट अडत होती त्यांच्याच हाती बंदुका देऊन वाट मोकळी करण्याचा तो उपाय होता. हे सारे आपल्या खानदेशातलेच. पण कलेच्या इतिहासात ते येत नाही, आणि आमच्या खानदेशच्या इतिहासात चित्रे येत नाहीत.

मग आला जेम्स फर्ग्युसन. हा नीळ पिकवणारा व्यापारी. पण त्याला इमारतींचे विलक्षण वेड होते. १८३९ साली तो अजिंठ्याला गेला, १८४३ साली त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला आणि १८४५ साली त्याच्या रेखाटनांवरून केलेली शिळाछाप चित्रे पुस्तकरूपाने निघाली. चैत्यगृहाकडे कसे पाहावे हे त्याने एका पिढीला शिकवले, आणि पाहायला शिकवताना त्याने हाताशी घेतले ते चर्च. मधला लांबट भाग, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांपलीकडचे अरुंद बोळ, टोकाशी अर्धगोल, सारे जुन्या चर्चसारखे आहे असे त्याला दिसले. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद. त्याची तुलना त्याने इंग्लंडातील नॉरिच येथील कॅथीड्रलच्या अंतर्भागाशी केली. आपल्या पुस्तकांत 'मध्यवीथी', 'पार्श्ववीथी' असे जे शब्द येतात ते याच तुलनेचे मराठी कपडे आहेत.

यात फर्ग्युसनची चूक झाली असे मी म्हणणार नाही. माणूस अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीवरूनच समजून घेतो. त्याने चर्च पाहिले होते म्हणून त्याला लेणे कळले. अवघड झाले आहे ते आमचे. आमच्यापैकी बहुतेकांनी नॉरिचचे काय, कुठलेच मोठे चर्च आतून पाहिलेले नाही. ज्या वस्तूशी तुलना आहे ती न पाहता आम्ही तुलना पाठ करतो आणि त्यावर पाच गुण मिळवतो.

पण तुलनेबरोबर आणखी एक गोष्ट आली, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. चर्चच्या अंतर्भागाची चित्रे काढण्याची युरोपात जुनी परंपरा होती. दारापाशी उभे राहायचे, खांबांच्या रांगा दूर दूर जाताना दाखवायच्या, उजेड वरून तिरपा सोडायचा आणि खाली फरशीवर माणसे मुंग्यांएवढी ठेवायची. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड रॉबर्ट्ससारख्यांनी अशी चित्रे रंगवून नाव मिळवले. त्या चित्रांत माणूस लहान असण्याला अर्थ आहे. तो देवाच्या घरी आला आहे, आणि देवाच्या घरी माणसाने लहानच असावे. फरशीवरची ती ठिपक्याएवढी बाई तेथे प्रार्थनेला आलेली असते. चर्च तिचे असते.

हीच मांडणी साहेबाने उचलून लेण्यात आणली. खांब आले, उजेड आला, लहान माणूसही आला. फक्त तो आता भक्त राहिला नाही. तो कुणाच्या दर्शनाला आलेला नाही, त्याला तेथे उभे केले आहे. चर्चमध्ये जे लहानपण नम्रतेचे होते, ते लेण्यात हिशेबाचे झाले. माझे म्हणणे एवढ्याच ओळीत आहे. पण ते मला कपाटापुढे उभे राहून सुचले नाही, अजिंठ्याला गेल्यावर सुचले.

आमची सहल शहादा, शिरपूर, चोपडा, जळगाव करत गेली. घाटात निम्म्या मुली गाडी लागून आडव्या झाल्या होत्या. फर्दापूरला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. दहा क्रमांकाचे लेणे हे अजिंठ्यातील सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक. खोली जवळजवळ तीस मीटर, अष्टकोनी खांब एकोणचाळीस. वाटाड्याने विजेरीचा झोत एका खांबावर वर, आमच्या डोक्यांच्याही वर टाकला. तेथे स्मिथसाहेबाचे नाव आणि तारीख कोरलेली आहे. एवढ्या उंचावर त्याचा हात कसा पोहोचला? तर तेव्हा लेण्यात इतकी माती आणि दगड साचलेले होते की जमीनच वर आली होती. साहेबाने रंगवलेल्या बुद्धमूर्तीच्या अंगावर आपले नाव खरडले. त्याला दरीपर्यंत कुणी आणले, झाडी कुणी तोडली, दिवटी कुणी धरली, यांची नावे त्या खांबावर नाहीत. मापाच्या माणसाला नाव नसते, आणि माप घेणाऱ्याचे नाव खांबावर राहते.

याच लेण्याच्या दर्शनी कमानीवर दुसरेही एक नाव आहे. ब्राह्मी लिपीतले. वासिठीपुत कटहादि याने घराचे हे तोंड दान दिले, असे ते सांगते. दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यालाही आपले नाव राहावेसे वाटले. त्यात मला वावगे वाटत नाही. त्याने काहीतरी दिले होते.

वाटाड्या घाईत होता. पण आमच्यातल्या चौघीजणी मागे रेंगाळल्या आणि खांबांच्या मागून, भिंतीच्या कडेकडेने स्तूपाभोवती फिरून आल्या. त्यात मीही होते. स्तूपाच्या मागे गेल्यावर दाराचा उजेड तुटतो. पायाखाली गार दगड, आणि बोलणे आपोआप हळू होते. मग दुसऱ्या अंगाने एकेक खांब ओलांडत उजेड परत येतो. हे घर चालण्यासाठी केले आहे हे पायांना कळले. कपाटातल्या चित्रात नेमके हेच नाही. चित्रकार दारात उभा राहिला आणि तेथूनच त्याने सगळे मोजले. जो माणूस आत चालत जाऊन मागून फिरून आला असता, त्याला त्याने खांबाशी थांबवून ठेवले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. सगळेच साहेब दारातून परतले नाहीत. रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतील अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला आणि उरलेले बहुतेक आयुष्य त्याच परिसरात राहिला. वटवाघळांच्या घाणीत, अंधारात, तापाने आजारी पडत त्याने मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि मोजकी सोडून सारी जळाली. त्याआधी १८६४ साली त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह छापून निघाली होती, तेवढी तरी वाचली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा हाती घेतले, १८८५ पर्यंत चालवले, आणि त्यांतलीही बरीच चित्रे लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेली. अजिंठ्याच्या भिंतींवरचा कितीतरी रंग त्यानंतर झडून गेला आहे. तेव्हा या लोकांनी डोळे फोडून केलेल्या कामाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पारोची कबर अजिंठा गावी आहे, तिच्यावर १८५६ साल आहे आणि तिचे नाव आहे. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे ती सर्व महाराष्ट्राला माहीत झाली. लोक तिला आदिवासी मुलगी म्हणून ओळखतात. मला त्या प्रेमकथेपेक्षा वेगळेच वाटत राहते. त्या पस्तीस वर्षांत गिलच्या भोवती पाणी आणणारी, शिड्या धरणारी, दिवे लावणारी किती माणसे वावरली असतील! त्या साऱ्यांतून दगडावर नाव आले ते एकीचे, आणि तेही ती मेल्यावर.

हे सगळे मी सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग काय, चित्रात माणूस काढूच नये? की मोठा काढावा?" मला उत्तर देता आले नाही. चार दिवसांनी त्यांनीच मला बोलावून आपल्या मोबाईलवर एक चित्र दाखवले. म्हणाले, "हेही त्याच शतकातले. हेही चर्चच्या आतले."

विल्हेल्म लाइब्ल हा जर्मन चित्रकार. १८४४ साली जन्मला, म्हणजे गिल अजिंठ्याला नेमला गेला त्याच वर्षी. म्युनिकमध्ये शिकला, पॅरिसमध्ये राहिला, नाव होऊ लागले होते, आणि हा गृहस्थ शहर सोडून बव्हेरियाच्या खेड्यांत राहायला गेला. बेर्बलिंग नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये बसून त्याने 'चर्चमधील तीन स्त्रिया' हे चित्र रंगवले. १८७८ साली सुरू केले ते पुरे व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. गावातल्या बायका त्याच्यासमोर त्याच बाकांवर येऊन बसत. चित्र आज हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. उंची ११३ सेंटीमीटर, रुंदी ७७. म्हणजे आमच्या वर्गातल्या खिडकीएवढेही नाही.

या चित्रात चर्च जवळजवळ दिसतच नाही. छत नाही, खांबांच्या रांगा नाहीत, वरून पडणारा उजेडाचा झोत नाही. नक्षीचे एक लाकडी बाक, मागे थोडी भिंत, आणि तीन बायका. पुढे एक तरुण, सणाचा पोशाख केलेली, हातात उघडे प्रार्थनापुस्तक. पलीकडे दोघी वयस्क, आपल्या प्रार्थनेत बुडालेल्या. त्या कुणाकडे पाहत नाहीत, चित्रकाराकडे नाही आणि आपल्याकडेही नाही. त्यांचे हात पाहावेत. पुस्तक धरणारे ते हात आठवडाभर गोठ्यात आणि शेतात राबलेले आहेत, बोटे जाड झाली आहेत, आणि पुस्तकाची कड त्यांनी जपून धरली आहे. माझी आई शिकलेली नाही. पण बचत गटाचे पासबुक ती अशीच धरते.

जाणकार या चित्रातही दोष काढतात. पुढची मुलगी मागच्या दोघींच्या मानाने फार मोठी झाली आहे, अंतराचा हिशेब चुकला आहे असे म्हणतात. चुकला असेल. लाइब्ल तिच्या इतक्या जवळ बसून तुकड्यातुकड्याने रंगवत होता की हिशेब चुकणारच. मला तर तो दोषच आवडला. येथे माप चुकले आहे, कारण माणूस मापासाठी बसवलेला नव्हता. गावातले शेतकरी ते चित्र पाहायला आले तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले, असे लाइब्लने आपल्या आईला कळवले होते. चित्रकारांच्या मतापेक्षा त्याला त्या शेतकऱ्यांच्या मताची किंमत अधिक वाटे. कपाटातले ते चैत्यगृहाचे चित्र त्या काठीवाल्या माणसाला कुणी दाखवले असेल का?

त्या तीन बायकांची नावे चित्राच्या मथळ्यातही नाहीत हे खरे आहे. लाइब्ललाही मी पुरता सोडत नाही.

नर्मदेपलीकडे राठवा लोक घराच्या भिंतीवर पिठोरा लिहितात. काढतात असे म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. तेथे देवांचे घोडे मोठे असतात ते जवळ आहेत म्हणून नव्हे, तर देवांचे आहेत म्हणून. त्याच भिंतीवर नांगर धरणारा असतो, ताक घुसळणारी असते. कुणी कुणाचे माप नसते. आणि ती भिंत पाहण्यासाठी नसते, नवस फेडण्यासाठी असते. आमच्या पावरा लोकांत इंदल बसवतात तेव्हा कळंबाच्या फांद्या आणतात आणि रात्र गाण्यात जाते. तेथे भिंतही लागत नाही. चर्च, चैत्य आणि देऊळ यांच्यावर आम्ही टिपणे काढतो. यावरही कधी एखादा प्रश्न यावा.

आता घरच्या गोष्टीकडे येते. होळीच्या दिवसांत काठीला राजवाडी होळी पेटते तेव्हा सगळीकडून छायाचित्रकार येतात. मोरपिसांचे टोप, कमरेला दुधी भोपळे, घुंगरू, अंगावर राखेचे ठिपके. पहाटेच्या उजेडात ते दृश्य खरोखरच सुंदर असते, त्यांनी का येऊ नये? पण नंतर चित्रे छापून येतात तेव्हा खाली लिहिलेले असते, 'आदिवासी नर्तक', 'सातपुड्यातील तरुणी'. नवस बोलून, पाच-सात दिवस कडक पाळणूक करून जो बुध्या झाला, तो सातपुडा किती रंगीत आहे हे दाखवण्यापुरता उरतो. आपल्याकडची पाण्याखाली गेलेली गावे दाखवायची तरी तेच. पसरलेले पाणी आणि कडेला होडीत एक ठिपका. धरणाची उंची १३८.६८ मीटर हे आम्हाला पाठ आहे. ठिपका कोण, हे छापत नाहीत.

बाहेरच्यांना काय बोलावे? आपल्याच एका जुन्या अंकाच्या मुखपृष्ठावर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई आहे. मागे डोंगर, धुके, फार छान छपाई. आतल्या पानावर छायाचित्रकाराचे नाव आहे, मुद्रणालयाचे आहे, मुखपृष्ठाची मांडणी करणाऱ्याचेही आहे. ती बाई आमच्याच पाड्याकडची. तिचा मुलगा याच महाविद्यालयात माझ्या पुढे दोन वर्षे होता. त्याला विचारले असते तर नाव मिळाले असते.

म्हणून संपादक मंडळाला माझी सूचना आहे. अंकात माणसाचे छायाचित्र छापायचे असेल तर त्या माणसाचे नाव खाली छापावे, गाव छापावे, आणि अंक निघाल्यावर एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. नाव छापायला त्याची ना असेल तर चित्रही छापू नये. माझे काही मित्र म्हणतात की यात फार कटकट आहे. आहेच. लाइब्ल तीन वर्षे एका बाकापुढे बसला. आपल्याला फार तर एक दिवस पाड्यावर जावे लागेल.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा मी आजाला त्या चित्राविषयी सांगितले. त्याला चैत्यगृह म्हणजे काय ते समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. खांबाशी माणूस उभा केला होता एवढे मात्र त्याला पटकन कळले. म्हणाला, "मीबी उभा राह्यलो होतो." कधी? तर नदीकाठी मोजणीवाले आले होते तेव्हा. त्यांच्याकडे लाल-पांढरे आकडे रंगवलेली लांब पट्टी होती. ती धरून आजा दिवसभर उतारावर उभा राहिला. तिकडून साहेब दुर्बिणीतून पाही आणि हात हलवी, की हा दहा पावले वर. पुन्हा हात, पुन्हा दहा पावले. साहेब काय लिहून घेई ते याला माहीत नव्हते.

"तुला दिसत होतं का त्या दुर्बिणीतून?" मी विचारले.

"मला कोण बघू देईल?" आजा म्हणाला. "तो पट्टी बघत होता. मी पट्टीच्या मागं होतो."

मग त्याने त्या दिवशी सोबत पट्टी धरायला आलेल्या दोघांची नावे सांगितली. एकाचे तर बापाच्या नावासकट.